जॅमसाठी भांडे कोणते?

भगिनींनो, करवंदे बाजारात दिसू लागली की जॅमचा बेत ठरतो. फळे आपण पारखून घेतो, साखर मोजून घेतो. भांडे मात्र हाताशी येईल ते! इथेच चुकते बरं का.

करवंद, कैरी, आवळा ही आंबट फळे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालेली असली, तर त्यातले तांबे या आंबटात उतरते. असा जॅम खाऊन मळमळतं, उलट्या होतात. लोखंडी कढईत रंग काळवंडतो, चव बिघडते. साध्या ॲल्युमिनियमलाही आंबट सोसत नाही. तेव्हा स्टेनलेस स्टीलचे, जाड बुडाचे पातेले घ्यावे. म्हणजे जॅम खाली लागत नाही.

तोंड रुंद हवे. पाणी लवकर आटते, फळाचा रंग आणि वास टिकतो. भरायचे मात्र अर्ध्याच्या आत, कारण साखर उकळली की मिश्रण फसफसून वर येते. सुमारे १०५ अंशांवरचा तो पाक हातावर उडाला, तर चांगलेच भाजते. म्हणून ढवळायला लांब दांड्याचा लाकडी डाव ठेवा, आणि मुलांना चुलीपासून लांब.

यासाठी नवी खरेदी कशाला? घरातलीच पातेली एकदा पारखून पाहा. बूड जड, तोंड रुंद, की झालं!