दोन स्थानकांमधील पायवाट

(सरपंच व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुणे-लोणावळा लोहमार्गावर मळवली आणि कामशेत ही लागोपाठची दोन स्थानके आहेत. लोकलने हे अंतर काही मिनिटांत सरते. डोंगरातून चालत जावयाचे तर सबंध दिवस लागतो. परंतु त्या एका दिवसात मावळचा भूगोल आणि इतिहास, दोहोंचे दर्शन घडते.

मळवलीस उतरून दक्षिणेकडे निघाले की भाजे गाव येते. गावामागील लेणी कोरण्यास सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी आरंभ झाला. तेथून वाट गायमुख खिंडीत चढते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. यांपैकी लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. खिंडीपलीकडे पवनेचे खोरे पसरले आहे. डोंगराच्या दक्षिण अंगाने पूर्वेकडे गेल्यास बेडशाची लेणी लागतात आणि तेथून उत्तरेस वळून कामशेत गाठता येते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या खिंडीत अवश्य उभे करावे. अलीकडे पडलेला पाऊस इंद्रायणीस मिळतो, पलीकडचा पवनेस. आणि पुढे ही दोन्ही पाणी भीमेत एकत्र येतात. पाणलोट म्हणजे काय, हे सांगण्यास याहून चांगला फळा नाही.

पायी येणारा पाहुणा गावात थांबतो, पाणी मागतो, पिठले-भाकरी विकत घेतो. त्याच्यासाठी वाहनतळ बांधावा लागत नाही. त्याला हवी असते ती केवळ मोकळी वाट. मात्र डोंगरपायथ्याशी जमिनीचे तुकडे विकले जातात, कुंपणे उभी राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका रात्रीत बंद होते. तीच वाट शेतकऱ्याची, गुराख्याची आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचीही असते, हे आपण विसरता कामा नये.

येथे पंचायतीचे कर्तव्य सुरू होते. गाव नकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखविलेला असतो. तो नकाशा काढून सदस्यांनी प्रत्यक्ष वाट चालून पाहावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते व वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण सहा महिन्यांच्या आत. मुदत टळल्यावर केलेली हळहळ उपयोगाची नाही.

एक सूचना महत्त्वाची. स्थानकापासून स्थानकापर्यंत जाणे म्हणजे रुळांवरून जाणे नव्हे. तो रेल्वे अधिनियम, १९८९ प्रमाणे गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारा आहे. म्हणूनच गाववाटा शाबूत हव्यात आणि त्यांवर दिशादर्शक पाट्या हव्यात.

वाट चालत राहिली तरच ती टिकते. येत्या हिवाळ्यात प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील अशी एक वाट चालावी आणि तिची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी, एवढीच विनंती.