मागें राहिलेल्यांची चौकशी

(दुष्काळनिवारण समितीच्या नाशिक येथील सभेंत देणगीदारांपुढें झालेलें भाषण)



समितीचा जमाखर्च अहवालाच्या अखेरीस छापिला आहे. तो वाचून दाखवून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांतील एका बाबीसंबंधानें मात्र बोललें पाहिजे, कारण तिजविषयीं आपल्यापैकीं अनेकांनीं आम्हांस विचारिलें आहे. शहरांतील कांहीं चर्चच्या मंडळींमार्फत वृद्ध, शाळकरी मुलें व अडलेलीं कुटुंबें यांस आम्हीं मदत पोंचविली. ती कां पोंचविली, आणि पुढील उन्हाळ्यांत तीच वाट पुन्हां कां धरणार आहों, हा आजचा विषय आहे.

दुष्काळ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें खडी फोडणारा मजूर येतो. तें साहजिक आहे. दुष्काळाचा कायदा त्याच्याच भोंवतीं वाढला. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरील मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर अगदीं थोडी रोकड इतकी खालीं आणिली, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें मजुरांची बाजू उचलली, हें आपण जाणतांच. पुढें १८८० च्या कमिशनाच्या शिफारशींवरून फॅमिन कोड तयार झालें. सशक्तांस काम व अशक्तांस फुकट शिधा, असे त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागाची वाढ चांगली झाली: १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास रोजगार हमी आली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि २००५ सालीं केंद्र सरकारनें त्याच धर्तीवर सबंध देशासाठीं कायदा केला. ज्याच्या हातीं कुदळ धरवत नाहीं त्याच्याकडे मात्र आमच्या मतें तितकें लक्ष गेलें नाहीं.

आपला जिल्हा पाहा. सिन्नर, येवला, नांदगांव या बाजूस पाऊस चुकला कीं तरणीं माणसें घर सोडतात. पेठ-सुरगाण्यांत पाऊस दाबून पडतो, तरी उन्हाळ्यांत पाण्याच्या हंड्यासाठीं पायपीट चुकत नाहीं. तेथील माणसें दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामास येतात. आपल्यापैकीं कित्येकांच्या बागा त्यांच्याच हातांवर उभ्या आहेत. त्यांच्या मागें घरीं कोण राहतें? म्हातारा, म्हातारी आणि शाळेचें एखादें पोर.

या म्हाताऱ्यांस कायद्यानें कांहीं दिलेलें नाहीं असें नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें रेशनचें धान्य हा हक्क झाला. परंतु दुकानांतील यंत्रास अंगठा लागतो, आणि जन्मभर माती उपसलेल्या अंगठ्याची रेघ झिजून गेलेली असते. यंत्र ठसा घेत नाहीं. म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत येते. दुसरा कुणी उपाय नियमांत असेलही, पण तो तिला सांगणार कोण? २००७ च्या कायद्यान्वयें तिला मुलाकडून पोटगी मागतां येते. आम्ही वकील मंडळींनीं तो कायदा अवश्य वापरावा. परंतु जो मुलगा स्वतःच दुसऱ्याच्या बांधावर पालांत निजतो, त्याच्याविरुद्ध हुकूम मिळवून तिच्या चुलीवर काय शिजणार? येथें कोर्टापेक्षां शेजारी उपयोगाचा.

हें शेजारीपण चर्चच्या मंडळींनीं शिस्तीनें चालविलेलें आम्हांस दिसलें. कोणाचें दार दोन दिवस उघडलें नाहीं, कोणाचें औषध संपलें, कोणत्या मुलीनें टँकरच्या रांगेपायीं शाळा सोडली, याची यादी त्यांजपाशीं होती, आमच्यापाशीं नव्हती. ही रीत जुनी आहे. पॅरिस येथें १८३३ सालीं फ्रेडरिक ओझानाम या कायद्याच्या विद्यार्थ्यानें आपल्या सोबत्यांसह सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नांवानें जी संस्था काढिली, तिचा मुख्य नियमच असा कीं, गरिबास आपल्या दारीं बोलवूं नये, आपण दोघां-दोघांनीं त्याच्या घरीं जावें. (कायदा शिकलेल्या माणसाच्या हातून असेंही कांहीं घडतें, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास आपण क्षमा करालच.)

आणि आपणांस पॅरिसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. ज्या शरणपूर रस्त्यानें आपण रोज जातों, तें शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यास वसविलें. पूर्व आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलीं जात असतां समुद्रावर सोडविलेलीं मुलें तेथें आणून ठेविलीं जात. त्यांस वाचणें शिकवीत, सुतारकी व लोहारकी शिकवीत. जेकब वेनराइट हा त्यांतलाच. १८७३ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेंत वारले, तेव्हां त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या मंडळींत तो होता. आणि १८७४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांच्या शवपेटीस ज्यांनीं हात दिला, त्यांत नाशकांत शिकलेला हा तरुण होता. पोरक्या मुलाच्या हातीं धंदा व अक्षर दिल्यानें काय होतें, तें आपल्याच गांवानें पाहिलें आहे.

आतां आक्षेपाकडे वळूं. तो आम्ही टाळीत नाहीं. दुष्काळांत अन्नाबरोबर धर्मही दिला जातो, असा लोकांचा संशय आहे, आणि तो निराधार म्हणतां येणार नाहीं. १८७६ ते ७८ व १८९९-१९०० या दुष्काळांनंतर मिशनांकडे वळलेल्यांची संख्या वाढली, हें मिशनांच्याच कागदांत आहे. म्हणून आम्हीं अटी घातल्या. यादी गरजेवरून होईल, धर्म वा जात विचारली जाणार नाहीं. वांटपाच्या जागीं प्रार्थना वा उपदेश होणार नाहीं. यादीची तपासणी समितीचे दोन सभासद दारोदार जाऊन करतील. आणि पैपैचा हिशेब सार्वजनिक न्यासाच्या कायद्याप्रमाणें तपासला जाईल. त्या मंडळींनीं या अटी घासाघीस न करितां मान्य केल्या. ज्यांस याउपरही संकोच वाटेल, त्यांनीं आपली देणगी दुसऱ्या कामासाठीं नेमून द्यावी; आम्ही वाईट मानणार नाहीं.

मात्र जालन्याची गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. तेथील मिशनच्या मंडळींनीं विंधनविहिरींसाठीं दणकट हातपंप बनविला. सोलापुरास त्यांत सुधारणा झाली, आणि त्याच घडणीवरून पुढें इंडिया मार्क टू हा पंप देशभर गेला. त्याचें पाणी भरतांना कोणी बनविणाऱ्याचा धर्म विचारिला नाहीं.

२०१६ च्या उन्हाळ्यांत आपलें रामकुंड कोरडें पडलेलें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तशी वेळ येण्याची वाट न पाहतां आम्ही आज मागतों तें असें: ज्यांच्या वखारी आहेत त्यांनीं बाजरी, तांदूळ व डाळ द्यावी, बागाईतदारांनीं आपल्या बागेवरील मजुरांस गांवीं मागें राहिलेल्यांचीं नांवें विचारून तीं आम्हांस कळवावीं, बाकीच्यांनीं रोख द्यावी. म्हाताऱ्यांस रेशनच्या दुकानापर्यंत नेऊन आणणारे तरुणही आम्हांस हवे आहेत; महिन्यांतून एक सकाळ पुरे. नोंदवही चिटणिसांच्या टेबलावर ठेविली आहे, आणि शिधा फाल्गुन संपण्यापूर्वीं गोळा करण्याचा समितीचा विचार आहे.