रुग्णालयाच्या संगणकप्रणालीचे नूतनीकरण
(वार्षिक सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



देयक विभागातील जुनी संगणकप्रणाली बदलण्याचा प्रस्ताव आज आपणांसमोर आहे. पैसा दात्यांचा असल्याने तो कशासाठी खर्च होणार, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. आपल्याकडे देयक संगणकावर, निधी वहीत आणि खाटांची नोंद तिसरीकडेच असते. महिनाअखेरीस तिन्हींचा मेळ घालता घालता लेखा विभागाची दमछाक होते. नव्या प्रणालीत देयक तयार होताच निधीचा वाटा आपोआप वळता होईल. एवढ्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नाही, साधे स्वयंचलन पुरे.

तिचे काम आहे कागद वाचण्याचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. शिधापत्रिकेवर ‘गवई’ मराठीत असते. आधारपत्रावर तेच नाव इंग्रजीत कुठे ‘व्ही’ने, कुठे ‘डब्ल्यू’ने. संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडाचे रुग्ण डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास करतात. त्यांच्याकडे दर खेपेस तीच कागदपत्रे मागणे आम्हांस क्रूर वाटते. नवी प्रणाली कागदाचे छायाचित्र वाचून रकाने भरील आणि ही दोन नावे एकाच व्यक्तीची असावीत, असे सुचवील.

सुचवील, ठरवणार नाही. हे शब्द करारात असावेत, असा आमचा आग्रह आहे. यंत्र संभाव्यता सांगते आणि आत्मविश्वासाने चुकूही शकते. मोफत उपचार नाकारण्याचा अधिकार प्रणालीला असणार नाही. नकार द्यायचा झाल्यास वैद्यकीय समाजसेवकाने कागद स्वतः पाहून, रुग्णाला समोर बसवून, त्याला समजेल अशा वऱ्हाडीत कारण सांगून द्यावा आणि त्याखाली आपली स्वाक्षरी करावी. तातडीच्या रुग्णाची नोंद कागदपत्रांचे रकाने रिकामे असतानाही झालीच पाहिजे. ‘रकाना भरा’ म्हणून अडून बसणारे सॉफ्टवेअर आपल्या उपयोगाचे नाही.

क्षयरोग चाळणीसाठी छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी संमती दिली. तो विषय आपल्या डॉक्टरांचा आहे. त्यावर मत देण्याचा आमचा अधिकार नाही. आजचा प्रश्न खिडकीपुरता आहे.

आणखी दोन अटी. रुग्णांची माहिती रुग्णालयाचीच राहील व करार संपल्यास ती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. वीज वा इंटरनेट खंडित झाल्यासही नोंदणी चालू राहील. पहिले दोन महिने जुनी व नवी प्रणाली शेजारी शेजारी चालवून दोन्हींचे हिशेब ताडून पाहू, आणि ते जुळेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवू.