राखणीची पाळी कुणाची?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या पत्रिकेवर 'पोलीस आणि गाव' असा विषय छापलेला पाहून दोघातिघांनी आम्हाला मंडपाबाहेरच धरलं. म्हणाले, संघटनेनं आता पोलीस ठाण्याची वकिली सुरू केली काय? प्रश्न रास्त आहे. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या कुणी झाडल्या, ते आम्ही विसरलेलो नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस आपल्याच गाडीत भरून राज्याच्या हद्दीपलीकडे न्यायचा म्हटलं, तर नाक्यावर अडवायला हीच खाकी वर्दी उभी असायची. पिकवणारा गुन्हेगार आणि लुटणारा कायदेशीर, असा तो कायदा होता. तेव्हा पोलिसांच्या प्रेमात पडायला आम्ही इथं आलेलो नाही.

पण रात्री विहिरीवरची केबल कापून नेणारा चोर काही सरकारचा माणूस नसतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं माण, खटाव, कुठंही जा, मोटार आणि केबल गेल्याची तक्रार घरोघर आहे. चोराला तांब्याचे मिळत असतील ते मिळोत. आम्ही शेतकी शिकलेली माणसं, आम्ही नुकसान दुसऱ्या मापानं मोजतो. शाळू पेरणीपासून पन्नास-पंचावन्न दिवसांनी पोटरीत येतो. त्या वेळी एक पाणी मिळालं तर कणीस भरतं, नाही मिळालं तर कडबा तेवढा हाती येतो. नेमक्या त्या आठवड्यात केबल गेली, नवी आणायला चार दिवस लागले, की गेलेली वस्तू दोन-तीन हजारांची आणि बुडालेलं पीक अख्ख्या रानाचं. ठाण्यातल्या कागदावर मात्र चोरी दोन-तीन हजारांचीच.

तीही कागदावर आली तर! गेल्या रब्बीत आमचे एक कार्यकर्ते केबल चोरीची तक्रार घेऊन गेले. कोणत्या ठाण्यात ते विचारू नका, नाव घेण्यात अर्थ नाही. त्यांना विचारलं, "केबलची पावती आहे का? किती फूट होती?" मग कोऱ्या कागदावर एक अर्ज लिहून घेतला आणि घरी पाठवलं. भावांनो, अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे. तुम्हाला पैसेवारी माहीत आहे. शिवार करपलेलं असलं तरी पैसेवारी पन्नासच्या वर दाखवली की सरकारच्या लेखी दुष्काळ मिटला. तसंच हे. गुन्हा कमी होणं वेगळं आणि गुन्ह्याची नोंद कमी होणं वेगळं. 'आमच्या हद्दीत गुन्हे घटले' असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं, घटले का लिहिले नाहीत?

हा प्रश्न मनात ठेवून आता तंटामुक्तीकडं बघू या. कारण ती मोहीम आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या डोक्यातून निघाली. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेनं समिती निवडायची, तिच्यात पोलीस पाटील, सरपंच, गावातली जाणती माणसं आणि बायका. बीट अंमलदारानं तिच्याबरोबर बसायचं. दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांच्या नोंदवह्या करायच्या आणि जे मिटण्यासारखे आहेत ते गावातच मिटवायचे. गुण द्यायचे, गुणांवर बक्षीस, आणि रक्कम लोकसंख्येप्रमाणे लाखांत.

आमची पक्षाबिक्षाची भानगड नाही, चांगल्याला चांगलं म्हणायची आमची तयारी आहे. बांधाच्या भांडणाचं एक उदाहरण सांगतो. दोन चुलत भाऊ, बांध दर पेरणीला इंच इंच कोरला जायचा. एका वर्षी एकाची कडब्याची गंज पेटली. कुणी पेटवली ते सगळ्या गावाला माहीत, साक्षीला मात्र कुणी नाही. फौजदारी झाली, वकील लागले, तारखांवर तारखा पडल्या. ज्या पट्टीवरून भांडण, तिच्यात वर्षाला पायलीभर ज्वारी पिकली नसती, आणि दोघांच्या दोन-दोन म्हशी कोर्टापायी विकल्या गेल्या. समितीनं काय केलं? उपदेश केला नाही. मोजणीची फी दोघांत निम्मी-निम्मी भरायला लावली, मोजणीदाराला गावासमोर उभं केलं, हद्दीचे दगड रोवून घेतले, आणि तडजोड लोकअदालतीत नोंदवली. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, त्याच्यावर अपील नाही. कोर्टात भरलेली फीसुद्धा परत मिळते. पुढच्या पेरणीला गंज पेटण्याचं कारणच उरलं नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अळी दिसल्यावर फवारा मारण्याआधी तिच्या अंड्यांचा बंदोबस्त झाला.

आणि त्याच मोहिमेनं बिघडवलं काय तेही ऐका. बक्षिसाची गाठ तंट्यांच्या आकड्याशी बांधली. मग काही गावांत तक्रार द्यायला निघालेल्या माणसाला वाटेतच अडवायला सुरुवात झाली, "कशाला गावाचं बक्षीस घालवतोस?" मायबहिणींनो, ह्याचा सगळ्यात जास्त जाच तुम्हाला झाला. नवऱ्यानं डोकं फोडलं तरी समितीसमोर खण-नारळ देऊन घरी पाठवलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. गंभीर गुन्हे मिटवायचे नाहीत, हे मोहिमेच्या नियमातच होतं. पण नियम कागदावर आणि गाव भावकीच्या हातात. बांध मिटवता येतो. बाईच्या अंगावरचा वळ मिटवायचा अधिकार कुठल्याही समितीला नाही. आर. आर. पाटील २०१५ साली गेले, मोहिमेचा जोर ओसरला, आणि पुष्कळ ठिकाणी समिती आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तेवढी उरली आहे. म्हणूनच आज बोलतो आहोत. बक्षीस नाही, तर आकडे झाकायचं कारणही नाही. हीच खरी कामाची वेळ.

एक उदाहरण शहराचं आहे, पण घेण्यासारखं आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथं पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ला समित्या केल्या. पुढाऱ्यांच्या नव्हे, शेजारीपाजारी राहणाऱ्या दोन्ही धर्मांच्या साध्या माणसांच्या. पोलीस नियमानं त्यांच्यात येऊन बसू लागले आणि नळाच्या, गटाराच्या भांडणापासून सगळं बोललं जाऊ लागलं. १९९२-९३ साली शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडं २००९ साली मिरज पेटलं आणि २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत माणूस मेला. पुसेसावळीत ठिणगी मोबाईलवरच्या मजकुराची होती. गावातल्या दोन्हीकडच्या दहा माणसांना एकमेकांच्या ओट्यावर बसायची सवय असेल, तर असला मजकूर आधी त्यांच्या कानावर येतो, जमावाच्या नाही.

आता राखणीचं बोलू. ग्रामसुरक्षा दल, रात्रीची गस्त, शिट्ट्या, काठ्या. ह्याला आमचा पाठिंबा आहे. पण अंधारात काठी घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला प्रत्येक परका माणूस चोर दिसतो. १३ सप्टेंबर २०२२ ला जत तालुक्यातल्या लवंगा गावात, विजापूरकडून पंढरपूरकडं निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी झोडपलं. ते वाचले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण वाचले नाहीत. भिक्षा मागायला गेलेली माणसं होती ती, बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातली. त्या खटल्यात २०२४ साली सात गावकऱ्यांना जन्मठेप झाली. मेलेले गरीब, तुरुंगात गेलेलेही गरीब, आणि मोबाईलवर अफवा सोडणारा कोण ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि चोरी झाली की पहिलं बोट कुठं जातं? पारध्याच्या पालाकडं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का अजून गेला नाही. याच मुलखात रामोशी गावाची राखण करत होते, गावानं त्यांच्यावर विश्वास टाकला होता. विश्वास काढून घेतला आणि मग म्हणायचं, बघा कसे चोर! आम्ही स्पष्ट सांगतो, ज्या गावाच्या दलात पारधी वस्तीवरची दोन माणसं नसतील, त्या दलाशी संघटनेचा संबंध राहणार नाही. ह्यावर मघाशी कुजबुज झाली, ती आम्ही ऐकली. कुजबुजीचं उत्तर जेवणानंतरच्या चर्चेत देऊ. पण ठराव मागे घेणार नाही.

१९४२ नंतर ह्याच जुन्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव निवाडे केले, दरोडेखोरांना वेसण घातली, तुफान सेनेच्या पोरांनी रात्री जागून काढल्या. तिथं पायावर फटकेही पडले, ते आज चालायचं नाही. पण ज्वारीच्या रानातली माणसं स्वतःचा बंदोबस्त करू शकतात, एवढं आपल्या आजोबांनी दाखवलेलं आहे.

मग करायचं काय? चोरी झाली तर कोऱ्या कागदावर अर्ज देऊन परत यायचं नाही. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची हे ठाण्यानं बघायचं. खबरीची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. नोंद नाकारली तर तीच खबर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवायची, तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. एकटं जायचं नाही, चार जण जायचं. मोटारीचा नंबर, केबलची पावती आजच वहीत डकवून ठेवा. परका माणूस दिसला तर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि ११२ ला फोन करायचा, हात लावायचा नाही. आणि दर महिन्याला बीट अंमलदाराला गावात बोलवा, चहा पाजा आणि वहीतल्या नोंदी त्याच्यासमोर वाचा.

बाहेर टेबलावर तालुकावार वह्या ठेवल्या आहेत. ज्या गावची माणसं दल उभं करायला तयार असतील त्यांनी जेवायला बसायच्या आधी नावं लिहावीत. बायकांची नावं पहिल्या पानावर घ्यायची आहेत. आटपाडीची वही अजून कोरी आहे.