छोटे सभागृह, दूरदेशीची वाद्ये आणि कर्णे

जागतिक संगीताची मैफल छोट्या सभागृहात होते तेव्हा वाजवणारा आणि शेवटच्या ओळीतला श्रोता यांच्यात फार तर पंधरा मीटरचे अंतर असते. एवढ्या अंतराला कर्णे लागत नाहीत. खान्देशातल्या अमळनेरसारख्या गावात दीडशे-दोनशे माणसांच्या सभागृहात असा कार्यक्रम ठरवताना पहिला निर्णय हाच घ्यायचा असतो. प्रत्यक्षात पाहुण्यांचे हार, शाल, नारळ, बॅनर सगळे आधी ठरते आणि आवाजाचे काम शेवटच्या दिवशी साउंडवाल्यावर सोडून दिले जाते.

‘जागतिक संगीत’ हे नाव १९८७ साली लंडनमधल्या एका बैठकीत रूढ झाले. काही ध्वनिमुद्रण कंपन्यांची माणसे एका पबमध्ये जमली होती. आफ्रिकेच्या, अरब देशांच्या, लॅटिन अमेरिकेच्या रेकॉर्डी दुकानात कोणत्या खणात ठेवायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. खण दुकानाचा, पण त्यात ठेवलेले संगीत घरांतले, अंगणांतले, देवळारावळांतले. मालीचा आणि सेनेगलचा कोरा, झिंबाब्वेची म्बिरा, आर्मेनियाचा जर्दाळूच्या लाकडाचा दुदुक, अरब देशांतला ऊद ही सगळी वाद्ये माणसे जवळ बसलेली असताना ऐकायची म्हणून घडली. त्यांचा आवाज लहान आहे ही त्यांची उणीव मानू नये. तो आवाज त्या जागेच्या मापाने बेतलेला आहे.

खान्देशाला परदेशी वाद्य नवे नाही. कीर्तनातली पेटी घ्या. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये तयार झाले. मांडी घालून, एका हाताने भाता हलवत वाजवायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास घडवली. पुढे १९४० साली आकाशवाणीने या पेटीवर बंदी घातली, कारण तिचे सूर बांधलेले आणि मींड तिला जमत नाही. ती बंदी १९७१मध्ये उठली, तीही काही अंशीच. एवढे होऊनही कीर्तनातून पेटी बाहेर गेली नाही. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट युरोपातून आला, आणि आज खान्देशी बँडचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते ते त्या वाद्यांच्याही जोरावर.

या सगळ्यांत बेंजोची गोष्ट श्रोत्यांनी नीट ऐकावी. वरातीच्या गाडीवर जो बेंजो वाजतो त्याचे मूळ जपानमध्ये, नागोया शहरात आहे. मोरिता गोरो यांनी १९१२ साली तायशोगोतो नावाचे वाद्य केले: लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारखी बटणे. भारतात त्याचे बुलबुल तरंग झाले आणि मराठी मुलखात बेंजो. मूळ वाद्य इतके हळू वाजते की शेजारच्या खोलीत बोलणे चालू असेल तर त्याचा तळचा झंकार ऐकू येत नाही. आपल्याकडे त्याला विजेची जोड मिळाली, मग मोठे बॉक्स, मग ट्रक. वरातीसाठी ते योग्यच आहे, कारण वरात रस्त्यावर असते. पण बटण सोडल्यावर लाकडाच्या पेटीत जी तार क्षणभर रेंगाळते तिचा नाद आज खान्देशात किती जणांच्या कानांवर पडला असेल? बेंजो घरोघरी माहीत, त्याचा स्वतःचा आवाज मात्र कोणाच्या ओळखीचा राहिला नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वाद्याचे असे होऊ नये, म्हणून हे एवढे सांगणे.

कर्ण्यांशिवाय मैफल होते का, असा प्रश्न आयोजक विचारतात. ती होते, आणि जवळच होते. जुन्या गोव्यात टेकडीवर अवर लेडी ऑफ द माउंटचे चॅपल आहे. फुंदासांव ओरिएंत या संस्थेने त्याचा जीर्णोद्धार केला आणि त्यानंतर तिथे माँत संगीत महोत्सव सुरू झाला. संध्याकाळी चॅपलच्या अंगणात भारतीय संगीत आणि आत जुन्या छताखाली पाश्चात्त्य संगीत, अशी त्याची रीत. आतली जागा लहान आणि भिंती जाड, त्यामुळे गळ्यातून निघालेला सूर आपोआप भरून येतो. पणजीत ‘मद्रागोवा’ नावाची छोटी जागा फादो आणि मांडो या दोन गानप्रकारांना वाहिलेली आहे. फादो हे लिस्बनचे गाणे, त्याला बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारची साथ. तिकडच्या फादोघरांत गाणे सुरू होण्याआधी दिवे मंद करतात, वाढपी थांबतात, ताटवाट्यांचा आवाज बंद होतो. गायिका माइकशिवाय गाते आणि कोपऱ्यातल्या माणसाला तिचा श्वासही ऐकू येतो.

मोठ्या जागेचेही उदाहरण आहे. मुंबईच्या एनसीपीएमधले टाटा थिएटर १९८० साली उघडले. फिलिप जॉन्सन हे त्याचे वास्तुकार आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. जागा सुमारे हजार माणसांची, आणि सतार, सरोद, गळा ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचावा अशा बेताने ती बांधली. हजार खुर्च्यांसाठी जे योजता येते ते दोनशे माणसांच्या सभागृहाला अवघड का व्हावे?

सभागृहाचा स्वभाव थोडा समजून घेतला की हे सोपे होते. हार्वर्डमधले वॉलेस सॅबाइन यांनी १८९५पासून काही वर्षे एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर करून प्रयोग केले आणि घुमण्याचा हिशेब बसवला. आवाज किती वेळ रेंगाळतो ते दोन गोष्टींवर ठरते: खोलीचे घनफळ किती आणि आतल्या वस्तू आवाज किती शोषतात. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, पाच मीटर उंच असे सिमेंटच्या भिंतींचे सभागृह धरा. ते रिकामे असताना टाळी वाजवली तर आवाज चार सेकंदांच्या पुढेही विरत नाही. त्याच सभागृहात दोनशे माणसे येऊन बसली की हा काळ दीड सेकंदाच्या आसपास येतो. माणसांचे कपडे आणि अंगे आवाज शोषतात. खाली सतरंज्या आणि मागच्या भिंतीला जाड पडदे असले तर आणखी बरे. म्हणजे दुपारी रिकाम्या सभागृहात ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणत जे ठरवले जाते ते संध्याकाळच्या सभागृहाला लागूच होत नाही. घुमणाऱ्या खोलीत कर्ण्याचा आवाज वाढवला तर घुमणेही तितकेच वाढते. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, वाढवला म्हणून आणखी अस्पष्ट होतो, म्हणून आणखी वाढवायचा, आणि शेवटी बॉक्स शिट्टी मारू लागतो.

भरिताचे उदाहरण खान्देशात कोणालाही पटेल. बामणोद-भालोदकडचे मोठे हिरवट वांगे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, एवढेच. त्यात कोणी काळा मसाला ओतत नाही, कारण मग मसाल्याचीच चव लागते आणि धुराचा वास, वांग्याचा गोडवा दोन्ही जातात. बडगीऐवजी मिक्सरमध्ये फिरवले तर वांग्याचा धागा मोडून लगदा होतो. कर्ण्यातून आलेल्या कोऱ्याचे हेच होते. तारेवर नख लागताना होणारा बारीक टकटकाट, हा त्या वाद्याचा धागा, आधी नाहीसा होतो. उरतो तो गुळगुळीत, गोडसर, कोणत्याही वाद्याचा असू शकेल असा आवाज. भरीत भाजणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. ती जाळ कमी-जास्त करते, वांगे फिरवते, वास घेते. सभागृहात तेच काम खिडक्या, पडदे, बसण्याची जागा आणि शांतता यांनी करायचे असते.

कोरा थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणलेले, वर लांब दांडी, आणि २१ तारा दोन रांगांत. वाजवणारा दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढीच बोटे वापरतो. अंगठ्यांनी खालचा ठेका, तर्जन्यांनी वरची नक्षी. पूर्वी तारा कातड्याच्या होत्या, आता मासेमारीच्या नायलॉन दोरीच्या असतात. हे वाद्य वंशपरंपरेने सांभाळणारी घराणी असतात, आपल्याकडच्या गोंधळी-भाटांसारखी, राजांची आणि कुळांची गाथा तोंडपाठ असलेली. मालीचे तुमानी जाबाते (१९६५-२०२४) हे अशाच घराण्यातले, आणि त्यांनी हे वाद्य जगाच्या रंगमंचांवर नेले.

म्बिरा याहून लहान. लाकडी फळीवर लोखंडाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्या अंगठ्यांनी व तर्जनीने छेडतात. फळीवर शिंपले किंवा बाटलीची बुचे लावलेली असतात आणि प्रत्येक सुराबरोबर ती झणझणतात. ही झणझण मुद्दाम ठेवलेली आहे. तंबोऱ्याची जवारी ज्याच्या कानांत बसली आहे त्या मराठी श्रोत्याला ती ओळखीची वाटायला हवी. पण माइक लावला की नेमके इथेच चुकते. ही झणझण म्हणजे वायर सैल आहे असे साउंडवाल्याला वाटते आणि तो वरचे सूर कापून टाकतो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला कोणी आधी सांगितलेलेच नसते. वाद्य काय आहे हे आयोजकाला ठाऊक असेल तरच तो सांगू शकेल.

कर्णे नको म्हणताना मोठ्या मांडवाची गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तसल्या हजारोंच्या सभेला ध्वनिवर्धक लागतोच. बोरी नदीकाठच्या सखाराम महाराज संस्थानच्या वैशाखातल्या उत्सवालाही आज तो लागतो, कारण गर्दी तशी असते. पण कर्णे येण्याआधीही तिथे कीर्तने होत होती, आणि मृदंगाची थाप व बुवांचा आवाज ऐकायला लोक पुढे सरकून दाटीवाटीने बसत होते. छोट्या सभागृहात ही पुढे सरकण्याची सवय परत आणायची आहे. पहिल्या चार ओळी मान्यवरांसाठी राखून ठेवायच्या, त्या निम्म्या रिकाम्या राहायच्या आणि मुलांना मागे उभे करायचे, हा प्रकार थांबवायला हवा. वादक एका टोकाच्या उंच मंचावर बसवण्यापेक्षा लांब भिंतीच्या मध्यावर, हातभर उंचीच्या चौथऱ्यावर बसवला आणि तीन बाजूंनी सतरंज्या घातल्या, तर सर्वांत दूरच्या माणसाचे अंतर बरेच कमी होते.

दुसरी अडचण पंख्यांची. छताचे पंखे चालू असताना दुदुकचा मंद्र सूर ऐकूच येत नाही. म्हणून असा कार्यक्रम मार्गशीर्ष ते माघ या थंडीच्या महिन्यांत घ्यावा. तेव्हा खान्देशात संध्याकाळी पंखे बंद ठेवता येतात आणि दारे-खिडक्या लावल्या तरी कोणी घामेजत नाही. चैत्र-वैशाखात, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना, हे जमणार नाही, आणि बाहेर वरातीही असतात. मोबाइल बंद, जनरेटर इमारतीपासून लांब, आणि चहाचे कप कार्यक्रम संपल्यावर.

निवेदकाला माइक दिला तर चालेल. वाद्याची ओळख पाच मिनिटांत, वाद्य उचलून दाखवत, त्याच्या तारा आणि भोपळा जवळून दाखवत करून द्यावी आणि माइक बंद करावा. पहिली दोन-चार मिनिटे श्रोत्यांना आवाज कमी वाटेल. मागून कोणीतरी ‘आवाज वाढवा’ म्हणेलच. तिथे आयोजकाने डगमगू नये. कान त्या आवाजाला जुळायला थोडा वेळ घेतात, मग तोच आवाज पुरेसा होतो. हे पुन्हा सांगायला हवे, कारण बहुतेक कार्यक्रम याच दोन-चार मिनिटांत हातचे जातात: तक्रार येते, घाईने माइक आणला जातो आणि पुढचा दीड तास त्याच्या स्वाधीन होतो.

आलेल्या पाहुण्याबरोबर इथले कोणी बसवावे, हाही मुद्दा आहे. साक्री तालुक्यातल्या कोकणा आणि भिल्ल वाड्यांत डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा आणि बांबू यांचे हे वाद्य न थांबता, श्वास फिरवत वाजवतात. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचे डिजेरिडू याच पद्धतीने वाजते. दोघांना एका सतरंजीवर बसवले तर श्रोत्यांना व्याख्यानाची गरज उरणार नाही. डफावर ‘वही’ हे लोकगाणे गाणारे खान्देशी गायक आणि कोऱ्याचे घराणेदार गायक यांचेही असेच. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या साने गुरुजींनी पुढे आंतरभारतीची कल्पना मांडली: एका प्रांताने दुसऱ्याची भाषा, गाणी, जगणे समजून घ्यावे. तिची सीमा देशाबाहेर नेली तर ती या कामाला किती उपयोगी पडेल, हा विषय या भाषणाच्या मिनिटांत मावणारा नाही.

शेवटी प्रवासाची सोय. मुंबई, सुरत किंवा इंदूरला कार्यक्रमासाठी आलेले पथक अमळनेरला एक दिवस थांबू शकते, कारण गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. अशा पथकाला पाठवायच्या पत्रात सभागृहाची लांबी, रुंदी, उंची, माणसांची संख्या, पंखे बंद राहतील आणि ध्वनिवर्धक नसेल, एवढे स्पष्ट लिहावे. वाद्य कोणते आणायचे, सोबत आणखी एक वादक हवा का, हे कलावंत त्यावरून ठरवतात. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर त्यासाठीचा माइक वेगळा. तो फक्त ऐकतो, सभागृहात काही ओतत नाही, म्हणून त्याला हरकत नाही. मात्र तो कोणत्या उंचीवर आणि किती अंतरावर लावायचा, ते वादकालाच विचारून ठरवावे.