चुकीची नोंद कोण ठेवतो?

(नसरापूर, ता. भोर येथे जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळच्या चर्चेत एका ताईंनी सरळ प्रश्न टाकला. "तुम्ही चळवळवाले कशालाच मानत नाही. भगताला मानत नाही, पंचांगाला मानत नाही, सरकारलाही मानत नाही. मग शेतकी खात्याचे आणि बियाणेवाल्याचे तरी आम्ही का मानायचे?" प्रश्न चोख आहे. आम्ही शेतकी शिकलो, शिफारशी वाटल्या आणि मग चळवळीत आलो. तेव्हा या प्रश्नाचा निम्मा रोख आमच्यावरच आहे, हे आम्हाला कळते.

आमचे उत्तर असे आहे. सांगणारा कोण आहे ते पाहू नका. त्याने अंगात भगवे घातले आहे की पांढरा कोट, तेही पाहू नका. त्याला एकच विचारा. "तुमचे सांगणे चुकले तर ते आम्हाला कळणार कसे? आणि त्या चुकीची नोंद तुम्ही कुठे ठेवता?" ज्याच्यापाशी चुकीची नोंद आहे त्याच्याशी बोलता येते. ज्याची चूक कधी होतच नाही, त्याच्यापासून आपला खिसा सांभाळावा.

पावसापासून सुरुवात करू. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, पापड, करंजी, पान-सुपारी. भोवती अठरा धान्ये गोल मांडलेली. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य सरकले ते पाहून पीकपाणी सांगतात, राजाचे भविष्यही सांगतात. हजारो शेतकरी ऐकायला जमतात, वर्तमानपत्रे छापतात. त्या शेतकऱ्यांना आम्ही हसत नाही. ज्याचे वर्षाचे भांडवल मृगाच्या मातीत जायचे असते, तो कोणाच्या तरी शब्दाचा आधार शोधणारच.

पण सांगितलेले काय असते? अमुक महिन्यात कुठे कमी, कुठे जास्त. अमुक पीक मध्यम, भावात तेजीमंदी. हे कोणत्या वर्षी खोटे ठरेल? आपल्या भोर तालुक्यातच घाटाकडच्या गावांना धो धो पाऊस पडतो आणि नसरापूरच्या पट्ट्यात त्या मानाने थोडा. 'कुठे कमी, कुठे जास्त' हे येथे बारा महिने खरे आहे. त्यासाठी घट मांडायला नको.

आता हवामान खाते घ्या. २००२ साली खात्याने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. जुलै कोरडा गेला आणि हंगाम संपला तेव्हा पाऊस भरला ८१ टक्के. शेतकरी बुडाला, खात्याची नाचक्की झाली. पण अंदाज छापील होता आणि पाऊस मोजलेला होता, म्हणून चूक झाकता आली नाही. पुढच्याच वर्षी खात्याला आपली सूत्रे बदलावी लागली. २०१७ साली बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तर अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. ती कायद्यात किती बसते हा प्रश्न वेगळा. तक्रार देता आली, कारण सांगणे कागदावर होते. घटाविरुद्ध तक्रार दिल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. आजकाल मोबाईलवर तारखेनिशी पाऊस सांगणारे निघाले आहेत. त्यांचेही तसेच करा. सांगितलेली तारीख वहीत लिहा, पडलेला पाऊस तिच्यासमोर लिहा आणि हंगामाअखेर बेरीज करा.

कोणी म्हणेल, हे सगळे शिकलेल्यांच्या बाजूने चालले आहे. तसे नाही. आता आमच्या अंगावर येणारी गोष्ट सांगतो.

आपल्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी राब भाजतात. शेणी, पालापाचोळा, फांद्या, वर माती, आणि मग आग. इंग्रजांच्या अमदानीत जंगल खात्याने राबासाठी होणाऱ्या झाडतोडीला हरकत घेतली. भाजण्याऐवजी खत घाला, ही अडाणी रीत सोडा, असा उपदेश साहेबी थाटात सुरू झाला. शेतकरी ऐकेना. शेवटी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर राबाचा रीतसर अभ्यास केला. तो १९१२ साली छापून आला. निष्कर्ष काय? रोप जोमदार येते ते नुसत्या राखेमुळे नाही. मातीला आच लागते, तिचा परिणाम असतो. शिवाय तणाचे बी जळते, ते वेगळेच. म्हणजे ज्याला अडाणी म्हटले त्याच्या हातात अनुभवाने आलेले शास्त्र होते. अडाणीपणा उपदेश करणाऱ्याचा होता, कारण त्याने पाहण्याआधीच निकाल दिला.

पण गोष्ट तेथे संपत नाही. आज झाडे कमी, शेण कमी, फांद्या तोडायला माणूस नाही. गादीवाफ्यावर, बी निवडून, तण वेळेवर काढूनही चांगले रोप येते. तेव्हा आजोबा भाजत होते म्हणून भाजायचे, हेही शास्त्र नव्हे. आजोबांनी पारखून घेतले, तसे आपणही पारखून घ्यावे.

आता सध्याच्या गाजावाजाकडे वळू. २०१९ च्या अर्थसंकल्पात 'झिरो बजेट' शेतीचे नाव आले. त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने सरकारला कळवले की या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. आपण अकादमीवरही विश्वास ठेवू नये. स्वतः हिशेब करावा. एकराला दोनशे लिटर जीवामृत. त्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. या सगळ्यातले नत्र काढले तर ते पाव किलोच्या आसपास भरते. हंगामात चार वेळा दिले तरी किलोभर. टनभर भात पिकवायला पिकाला पंधरा ते वीस किलो नत्र लागते. बाकीचे कुठून येणार? सांगणारे म्हणतात, जिवाणू जागे होतात आणि जमिनीतले काढून देतात. असेल. मग दोन शेजारशेजारची खाचरे घ्या, एकच बी, एकच दिवशी लावणी. एकात जीवामृत द्या, दुसऱ्यात देऊ नका. तीन वर्षे वजन करा. खर्च वाचतो, हा त्यांचा मुद्दा खरा आहे आणि तोही हिशेबात धरा. पण दुसरे खाचर ठेवायला जो नको म्हणतो, त्याला शेती शिकवायची नसते, चेला करायचा असतो.

गोव्यात २०१८ साली शेतकी खात्याच्या आशीर्वादाने शेतात मंत्र म्हणून पीक वाढवण्याचा प्रचार झाला. मंत्र म्हणायला आमची ना नाही. पण सरकारी खाते पुढे होते तेव्हा मंत्राविनाचे शेजारचे शेतही दाखवावे लागते. बाटलीतले 'टॉनिक' विकणाऱ्या दुकानदारालाही हाच नियम.

दुसऱ्याकडे बोट दाखवून झाले. आता आमची स्वतःची चूक सांगतो, नाहीतर या भाषणाला अर्थ उरणार नाही.

२००१ साली गुजरातेत परवानगीविना पेरलेला बीटी कापूस उपटून जाळण्याचे हुकूम निघाले, तेव्हा शरद जोशी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. मार्च २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, शेतकऱ्याने ते बियाणे आपणहून उचलले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, हे आमचे म्हणणे आजही कायम आहे. पण बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साध्या कापसाची पुडी येत असे. ती बांधाकडेने लावायची होती, म्हणजे अळीला साधे झाड मिळते आणि बीटी पचवणारी जात लवकर तयार होत नाही. बहुतेकांनी ती पुडी फेकली. आम्ही सभा घेतल्या, घोषणा दिल्या, पण त्या पुडीबद्दल पुरेसे बोललो नाही. आपल्या बाजूचे तंत्रज्ञान म्हणून त्यातला धोका सांगायला जीभ अडखळली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. त्याला बियाण्यांच्या लांबलेल्या जाती, अवेळी पेरा, कंपन्या, सरकार अशी कारणे आहेतच. त्या यादीत आमचे नावही लिहून ठेवा.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी उघडपणे तणनाशक सहन करणारा कापूस पेरला. कायदेभंग उघडा होता, म्हणून तो सत्याग्रह. पण त्याच बियाण्याची चोरटी पिशवी पावतीविना घ्याल, तर उगवले नाही म्हणून कोणाच्या दारी जाणार? बंदीने धोका टळत नाही, बंदीमुळे चुकीची नोंद मात्र नाहीशी होते. आमचा बंदीला विरोध यासाठीही आहे.

हे भाताच्या दारातही आले आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. एक सांबा महसुरीपासून केलेली 'कमला', दुसरी 'पुसा डीएसटी १'. यात परके जनुक घातलेले नाही, आहे त्याच जनुकात बदल केला आहे. 'परदेशी बियाणे' म्हणून बोंब मारणाऱ्यांना एक आठवण द्या. आपण आवडीने खातो ती इंद्रायणी वडगाव मावळच्या केंद्रातून १९८७ साली आली. तिचा एक आईबाप आंबेमोहोर, दुसरा फिलिपाईन्समधला आयआर ८. तेव्हा भीती नको. आणि जयजयकारही नको. चाचण्या कोठे घेतल्या, कोठे उत्पन्न वाढले, कोठे घटले, हे ठिकाणवार आकडे मराठीत द्या आणि मावळच्या पावसात लावून दाखवा, एवढी मागणी या बैठकीने करावी.

देवाधर्माबद्दल बोललो नाही तर घाबरलो असे म्हणाल. बनेश्वराला हात जोडा, वारीला जा, आमचे काही भांडण नाही. त्यातून माणसाला धीर मिळतो आणि शेतकऱ्याला धीराची गरज आहे. पण नवसाने पोरे होत नाहीत, हे तुकोबांनी चारशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. भांडण सुरू होते ते देवाच्या नावावर माणसाची चूक खपवली जाते तेव्हा. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. भोरच्या बाजूनेही दरवर्षी लोक तेथे जातात. तीनशेच्या आसपास माणसे गेली. देवी कोपली, असे म्हणणारे निघाले. प्रत्यक्षात नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांची दाटी आणि आग, अशी कारणे पुढे आली. चूक देवीच्या नावावर टाकली की पायऱ्या दुरुस्त होत नाहीत.

हे बोलणे फुकट होत नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर पुरावा मागत फिरले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, येथून तासाभराच्या अंतरावर, पुलावर गोळ्या घालून त्यांना मारले. जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी निघाला. कोर्टाचा निकाल यायला मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. त्यांचे प्रत्येक मत आम्हाला पटत होते असे नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला गोळी, ही रीत रुजली, तर उद्या भाव का नाही हे विचारणाऱ्यालाही तीच.

आणि शेवटी भावाकडेच यावे लागते. चमत्कार विकणाऱ्याचे गिऱ्हाईक शेतकरी का होतो? तो मूर्ख आहे म्हणून नाही. शेतात चार पैसे उरत असते तर एक खाचर बाजूला ठेवून त्याने सावकाश पारखले असते. कर्जात बुडालेल्याला पारखायला सवड नसते. त्याला यंदाच, याच हंगामात सुटका हवी असते. म्हणून भावाची लढाई आणि डोळसपणाची लढाई आम्ही वेगळी मानत नाही.

निघताना एक काम घेऊन जा. प्रत्येक गावात एक वही घाला. पावसाचा अंदाज कोणी काय दिला आणि काय पडले, ते त्यात लिहा. नवे बी, खत, औषध, पद्धत जे काही घ्याल, त्याच्या शेजारी दोन गुंठे जुन्या पद्धतीचे ठेवा. दोन्हीकडचे भात वेगळे झोडा, वेगळे मोजा. मोजणीला बायकांना बोलवा, कारण लावणी त्या करतात आणि कोणत्या खाचराला किती वेळ गेला ते त्यांना ठाऊक असते. वहीत फसलेला प्रयोग आधी लिहा, साधलेला नंतर.

पुढच्या जिल्हा बैठकीला या वह्या घेऊन या. आम्ही आज जे सांगितले तेही त्यात लिहा. चुकलो असलो तर सर्वांसमोर वाचून दाखवा. सकाळी प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी पहिली वही आणावी, अशी आमची विनंती आहे.