जुनी जावा, नवी जावा

खराडीजवळ नगर रस्त्यावर गोल दिव्याची, दोन सायलेन्सरांची जावा दिसली, तर ती जुनी की नवी हे कसे ओळखाल? दोघींचे रूप सारखेच. फरक आहे तो पोटात.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली. तिचे इंजिन २४९ सी. सी.चे, टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, म्हणून मागे निळसर धूर निघायचा. किकचा दांडा आत दाबून पुढे वळवला, की तोच गिअरचा दांडा होई! बंद पडलीच, तर प्लग काढावा, पुसावा, पॉइंट घासावेत. बहुधा तेवढ्यावर चालू व्हायची. गावच्या मिस्त्रीला तिची नाडी ठाऊक होती.

तो कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीने त्याच नावाची नवी गाडी आणली. तिचे इंजिन तेव्हा २९३ सी. सी.चे होते, फोर-स्ट्रोक. इंधनाचे माप विजेचे यंत्र ठरवते. धूर कमी, ताकद जास्त. आणि जोरात ब्रेक दाबला तरी पुढचे चाक अडकून घसरू नये, अशी सोयही आहे. मात्र बिघाड झाला, तर नुसता पाना पुरत नाही.

म्हणून रोजच्या वापराला नवी घ्या. पण आधी दुरुस्तीचे ठिकाण किती लांब आहे, ते विचारा. आणि गुरुजी, गावात जुनी जावा असेल, तर मुलांना एकदा उघडून दाखवा. इंजिन कसे चालते, हे तिच्याइतके सोपे करून दुसरे कोण सांगणार?